लोणारला निवांत जायचं

रिसोड

चि. सौ. ताईस,

मामाचा नमस्कार. भाचीच्या पाया पडायची आपल्याकडची रीत, म्हणून पत्रातसुद्धा आशीर्वाद द्यायला हात धजत नाही. नमस्कारावरच भागवून घे.

दिवाळीनंतर सासरच्या मंडळींना घेऊन येतेस हे वाचल्याबरोबर मामीनं गाद्या उन्हात घातल्या. तुझ्या सासऱ्यांनी विचारलंय, रिसोडात बघायला काय आहे? जन्मभर अलिबागचा समुद्र पाहिलेल्या माणसाला काय दाखवायचं, हा पेचच आहे. पिंगलाक्षी देवीला जाऊ, अमरदास बाबांच्या संस्थानात जाऊ, बाजार समितीत हळदीचे ढीग दाखवू. त्याला अर्धा दिवस पुष्कळ झाला. मात्र एक अख्खा दिवस मी लोणारसाठी राखून ठेवलाय. पाण्याकाठीच करमणारी माणसं आहेत ना, मग आमच्याकडचं पाणीही बघू दे त्यांना.

'अख्खा दिवस' मुद्दाम लिहिलं. इथले लोक लोणार दोन तासांत उरकतात. काठावरून वाकून बघायचं, फोटो काढायचा, भजे खायचे, की गाडीत. आपल्याला ते तासाभराच्या वाटेवर आहे ना, म्हणून ही किंमत. बाहेरचे लोक विमानानं येऊन तिथं मुक्काम करतात, आणि आपण सहलीला मुलांना नेऊन दुपारच्या आत परत आणतो.

आपण उजाडता निघू. आधी गोमुखाची धार. बारा महिने वाहणारं गोड पाणी, आणि त्याच्याच खाली विवराच्या तळाशी तोंडात घेववणार नाही असलं खारं पाणी. धारेपासून झाडीतून खाली उतरणारी वाट आहे. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना वरच बसवू. मामी सोबत थांबेल, दोघींना बोलायला विषय कमी पडणार नाहीत. बाकीच्यांनी सावकाश उतरायचं. मोर ओरडत असतात. ते सगळं अभयारण्य आहे, तेव्हा खाली डबा उघडायचा नाही, हे नातवंडांना आधीच सांगून ठेव.

काठाशी गेलं की पहिल्यांदा वास येतो, कुजकट, नाकाला झोंबणारा. सासऱ्यांचा पहिला प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: इथं मासळी कोणती मिळते? मासळीचं हे तळंच नव्हे. पाणी इतकं खारट आणि अल्कधर्मी, की मासा जगणं कठीण. पण शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात मजेत राहतात. त्यांच्यातल्याच मीठप्रेमी जिवांनी २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी करून टाकलं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासून कारण सांगेपर्यंत आमच्याकडे कलियुगापासून करोनापर्यंत सगळ्या उपपत्ती झाल्या. काठाला टिबुकल्या बुड्या मारत असतात, त्या दाखव मुलांना.

मी घरून हळदीची पुडी घेणार आहे, रिसोडच्या बाजारातलीच. ओंजळभर पाण्यात चिमूटभर टाकली, की पिवळा रंग बघता बघता कुंकवासारखा लाल होतो. अल्कधर्मी पाण्यात हळदीचं हेच होतं. शाळेत हा प्रयोग मी चुन्याच्या पाण्यात करून दाखवायचो. या तळ्याचा खार पूर्वी गोळा करून विकत असत. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त मेहकरच्या मुलखाचं वर्णन करताना काच आणि साबणाला लागणाऱ्या या मालाचा उल्लेख आहे.

विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटरच्या आसपास खोल. पूर्वी याला ज्वालामुखीचं तोंड समजणाराही एक पक्ष होता. मग दगडांत आघातानंच तयार होणारी काच सापडल्याचं १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं आणि उल्केचा पक्ष जिंकला. वय मात्र अजून ठरत नाही. कुणी पन्नास हजार वर्षं म्हणतं, कुणी साडेपाच लाखांच्या पुढे जातं. जावईबापूंना असल्या गोष्टींत रस आहे, त्यांनी मोबाईलवर वाद घालत बसावं.

काठाशीच कमळजादेवी. दर्शन घेऊन चढायला लागायचं, आणि चढताना दर वळणावर बसायचं. ऊन चढेपर्यंत वर. जेवण गावातल्या खानावळीत: पाटोडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा, ठेचा. रस्सा तिखट असतो, कोकणच्या जिभेला आधी सांगावं लागेल. दही घरून नेऊ. जेवल्यावर तासभर सावलीत आडवं व्हायचं. हा तास कुणी काटला तर मी रुसेन.

दैत्यसूदनाचं देऊळ त्यानंतर. लवणासुराला मारणारा विष्णू तो हा. बाहेरच्या भिंतीवर एक हात मोकळा नाही इतकं कोरलंय. आत मात्र अंधार, तेव्हा बॅटरी हवी. मान वर करून छत नीट बघा, घाई केली तर काळा दगड सोडून काही दिसणार नाही. मावळतीला पुन्हा काठावर. चहा तिथेच.

दुसऱ्या दिवशी शेतात रोडगे घालू. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला रोडगा झटकून, कुस्करून, वर तूप, वरण आणि वांग्याची भाजी. सासूबाईंना वांगं चालतं का, ते कळव. तूर तोवर फुलावर असेल.

रेल्वेनं आलात तर वाशीमला उतरा, मी गाडी घेऊन येतो. गाडीनं येणार असाल तर समृद्धीवरून मेहकरला बाहेर पडा, आणि निघताना फोन करा. येताना सुकट आण थोडी, पण पिशवी माझ्या हातात दे. मामीची माळ आहे.

तुझा,
मामा