गोड न खाता आलेली साखर

मंडळी, भाकरीचा एक घास तोंडात घ्या आणि लगेच न गिळता सावकाश चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागतो. त्यात साखर कुणी घातली? कुणीच नाही. आपल्या लाळेने पिठातल्या स्टार्चचे तुकडे पाडायला सुरुवात केली, एवढंच. उरलेलं काम लहान आतड्यात होतं आणि शेवटी त्याचं ग्लुकोज बनून ते रक्तात उतरतं. भाकरी, पोळी, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा... चवी निराळ्या, पण रक्तात पोचेपर्यंत बहुतेक सगळ्याचं ग्लुकोजच.

मी जन्मभर मराठी शिकवलं, विज्ञान नाही. पण बहात्तराव्या वर्षी रिपोर्टवर माझ्या नावापुढे ६.३ हा आकडा आला आणि मी नातवाच्या शाळेच्या पुस्तकापासून अभ्यासाला बसले. (विद्यार्थिनी वयस्कर असली तरी अभ्यासू आहे!) हा आकडा एचबीए१सी या तपासणीचा. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात साखर साधारण किती होती, ते त्यातून कळतं. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह, आणि मधला भाग म्हणजे उंबरठा. मी उंबरठ्यावर उभी होते.

आमच्या घराण्याला हा उंबरठा नवा नाही. आधी वडील, मग मोठी बहीण. अक्काने साठीतच चहातली साखर सोडली होती. लग्नाकार्यात जिलबीचं ताट पुढे आलं की ती हात आडवा धरायची. पण सकाळी पोहे, दोन्ही वेळा भात, आणि चारच्या चहाबरोबर ‘शुगर-फ्री’ लिहिलेली मैद्याची बिस्किटं, हे चालूच होतं. शेवटची तीन वर्षं ती डायलिसिसवर होती. “अगं, मी तर गोड खातच नाही,” असं ती शेवटपर्यंत म्हणायची. आणि ते अगदी खरं होतं.

आता इन्सुलिनचं काय ते मला समजलं तसं सांगते. आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज असतं. आणि वाटीभर भातातून येतं तीस-चाळीस ग्रॅम! ते वेळच्या वेळी रक्तातून हललं पाहिजे. म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. ते स्नायूंना आणि चरबीला सांगतं, ‘हे आत घ्या’. आणि यकृताला सांगतं, ‘तू साठव, आणखी साखर तयार करू नकोस.’

नव्या बाई वर्गात आल्या की पहिल्या दिवशी हळू आवाजात सांगितलेलंही मुलं ऐकतात. त्याच बाई दिवसभर ओरडू लागल्या, तर महिनाभरात मुलांना त्या आवाजाची सवय होते. मग बाई आणखी मोठ्याने ओरडतात, आणि एक दिवस त्यांचा घसाच बसतो. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं ते बरंचसं असंच. यकृतात आणि स्नायूंत चरबी साठली की त्यांना ऐकू कमी येतं. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वर्षानुवर्षं वेळ निभावून नेतं. तोवर रिपोर्ट चांगले येतात. ते दमलं की आकडे चढू लागतात.

तेव्हा आपलं काम काय, तर बाईंना ओरडावं लागू नये अशी व्यवस्था करणं.

मी वरणभात सोडलेला नाही, तो सोडून जगण्यात मला गंमत वाटत नाही. पण भात आता छोट्या वाटीने एकदाच, दुपारी. ताटाची डावी बाजू, जी आपल्याकडे बोटभर चटणी आणि चमचाभर कोशिंबिरीवर भागवतात, ती मोठी केली. आधी कोशिंबीर, भाजी, मटकीची उसळ, मग भाकरी, भात शेवटी. २०१५ साली न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेलमधल्या संशोधकांनी मधुमेह असलेल्या काही लोकांना तेच जेवण उलटसुलट क्रमाने देऊन पाहिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी खाल्ली तेव्हा जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. ‘भाकरी कितीही चालते’ हेही खरं नाही बरं का! ज्वारीतही गव्हाइतकीच कर्बोदकं असतात. भाकरी चांगलीच, पण दोनाची एक केली तर.

दुसरी गोष्ट शतपावली. चालताना स्नायू आकसतात तेव्हा ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज आत ओढतात. सहलीला नेलेली मुलं कशी न सांगता कामाला लागतात, तसं! फक्त शंभर पावलं पुरत नाहीत, दहा-पंधरा मिनिटं हवीत. दहा महिन्यांत माझं वजन चार किलोने उतरलं आणि आकडा ५.९ वर आला. फार मोठा पराक्रम नाही, पण उंबरठ्यावरून एक पाऊल मागे आले.

ज्यांची औषधं किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण एकदम कमी करू नये. साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते.

आणि आता भाचे-पुतणे मंडळींनो, हे तुमच्यासाठी. “मावशी, मी तर बारीक आहे,” असं तुमच्यापैकी दोघांनी मला फोनवर ऐकवलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! भारतीय माणूस वरून सडपातळ दिसतो आणि आत चरबी बाळगून असतो. वजनकाटा आपल्याला हे सांगत नाही, कमरेची टेप थोडंफार सांगते.

तुम्ही चाळिशीत आहात. आजोबांकडून आणि अक्काकडून काय आलंय ते तुम्हाला माहीत आहे. एकदा सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन या आणि आकडा मला कळवा. चांगला आला तर मी खूश होईन. नाही आला तर घाबरू नका, उंबरठ्यावरून मागे फिरता येतं. अक्काला हे वेळेवर कुणी सांगितलं नव्हतं.