दोन चकल्या

लहानपणी दिवाळीत आमच्या घरी एक कायदा मोठा कडक होता. सकाळी दोन चकल्या मिळत. तिसरी मागायची नाही. डबा गळ्यापर्यंत भरलेला आहे, भावंडं बाहेर हुंदडताहेत, मागणारा मी एकटाच आहे, अशा वेळीसुद्धा आई बधत नसे. "डब्यात आहेत ना? मग दे की!" हा माझा युक्तिवाद. "आहेत म्हणून संपवायच्या का?" हे तिचं उत्तर. त्या उत्तराचा अर्थ कळायला मला संगणकाच्या नोकरीत पंधरा वर्षं घालवावी लागली.

संगणक एकाच वेळी शंभर कामं करतो असं आपल्याला वाटतं. पण प्रोसेसर एकच असला, तर त्याच्यापुढे एका क्षणी एकच काम असतं. बाकीची पंगतीत ताटकळत बसलेली. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शेड्यूलर नावाचा एक वाढपी असतो. तो एकेकाच्या पानावर चार-दोन मिलिसेकंद वाढतो आणि पुढे सरकतो. त्याचा हात इतका चपळ, की प्रत्येकाला वाटावं, हा माझ्याच पानापुढे उभा आहे!

कुणाला जास्त वाढायचं, हे सांगायला युनिक्सच्या जुन्या काळापासून 'नाइस' नावाचा एक आकडा आहे. लिनक्समध्ये तो उणे २० पासून १९ पर्यंत जातो. आकडा जितका मोठा, तितकं ते काम सज्जन. दुसऱ्याला पुढे जाऊ देणारं. पण ही सज्जनता मोठी मौजेची. पंगतीत दुसरं कुणी नसलं, की हेच सज्जन अख्खं पातेलं रिकामं करतं! कारण 'नाइस'नं वाटा ठरतो, मर्यादा ठरत नाही. मर्यादेची सोय निराळी. साध्या कामांच्या गटांसाठी ती २०१२ साली लिनक्सच्या ३.२ या आवृत्तीत आली. १०० मिलिसेकंदांच्या मुदतीत या गटाला २० मिळतील, असं सांगून ठेवायचं. २० संपले, की पुढच्या मुदतीपर्यंत गप्प बसायचं. मग प्रोसेसर रिकामा का असेना! भाड्यानं यंत्र देणाऱ्याला हे हवंच असतं. आज रिकामं आहे म्हणून सगळं दिलं, तर उद्या शेजारी आल्यावर तोच गिऱ्हाईक भांडायला येतो. हे वाचलं, तेव्हा मी मोठ्यानं हसलो. ही तर आमच्या आईची चकली!

हसलो खरा, पण शहाणा झालो नाही. २०१४ च्या धनत्रयोदशीची गोष्ट. मुलीनं अंगणात किल्ला केला होता आणि सिंहासनावर महाराजांना बसवण्याचा मान माझ्यासाठी राखून ठेवला होता. कचेरीतल्या एका छोट्या यंत्रावर हिशेबाचं काम उरकून मला निघायचं होतं. घाईघाईत मी त्या कामाला सर्वांत वरची, 'रिअल-टाइम' पायरी दिली. या पायरीपुढे साध्या कामांचा टिकावच लागत नाही. म्हणून लिनक्सनं तिथं आपण होऊन एक आडकाठी घातलेली होती. अशा कामांनी सेकंदातला ९५ टक्केच वेळ घ्यायचा. ५ टक्के इतरांसाठी ठेवायचा. मला तो कंजूषपणा वाटला. मी आडकाठी काढून टाकली.

माझ्या मांडणीत एक चूक होती. काम संपेचना, गोल गोल फिरत राहिलं. ते थांबवायला मी कळा दाबल्या, तर पडद्यावर अक्षर उमटेना. 'थांब' ही आज्ञा म्हणजे यंत्राच्या लेखी आणखी एक कामच, आणि त्या एकुलत्या एका प्रोसेसरपुढे तिला पान मिळत नव्हतं! शेवटी वीज तोडली आणि बिघडलेल्या फायली निस्तरत बसलो.

घरी पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. पणत्या विझल्या होत्या. किल्ल्याशेजारी कागदात गुंडाळलेली महाराजांची मूर्ती तशीच होती. मुलगी झोपली होती. आई मात्र जागी होती. तिला मी यंत्राची सारी हकीकत सांगितली. तिनं ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "त्याला थांब म्हणायला जागाच उरली नव्हती म्हणतोस. आणि आम्ही सात वेळा फोन केला तो?"

मी खिशातला फोन काढून पाहिला. आवाज बंद करून ठेवलेला. सात हाका त्यात मुकाट पडून होत्या.

त्या ५ टक्क्यांत कुणाचं फारसं काम झालं नसतं. पण हाक तेवढी मारता आली असती. भरल्या डब्यावर आई हात का ठेवायची, ते मला त्या रात्री उमगलं.

सकाळी अभ्यंगस्नानानंतर मुलीनं मला महाराजांना बसवू दिलं, पण एका अटीवर. "बाबा, आधी फोन आजीकडे दे." आईनं तो फडताळात, चकलीच्या डब्याशेजारी ठेवला. मग डबा उघडून माझ्या हातावर चकल्या ठेवल्या.

मोजून दोन.