पाण्याची पाळी आणि पेपराची वेळ

उसाला पाणी केव्हा द्यावे, किती द्यावे, हे सांगत मी नीरा डाव्या कालव्याकाठची गावे हिंडलो. घरच्या पोराला झोप केव्हा द्यावी, हे मात्र मला कळले नाही.

2019 साली थोरला बारावीला होता. आमचे रान वालचंदनगरजवळ. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची. गडी आजारी, मी दौऱ्यावरून थकून आलेलो. "जा, तेवढं दारं धर," म्हणालो. पहाटे तीनला पोरगा चिखलाच्या पायांनी परतला आणि अकराला भौतिकशास्त्राच्या पेपराला बसला. शेवटची दोन गणिते येत असून राहिली. "आप्पा, अक्षरंच दिसंनात," एवढेच बोलला. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

मंडळाचे वेळापत्रक आपल्या मोटारीची पाळी बघून ठरत नाही. एकच प्रश्नपत्रिका राज्यभर एकाच वेळी द्यावी लागते, नाहीतर ती फुटायची. सकाळचा पेपर अकराला, दुपारचा तीनला. अर्धा तास आधी हजर राहायचे. 2023 पासून शेवटी दहा मिनिटे वाढवून मिळतात.

सीईटीचे गणित निराळे. ती संगणकावर, आणि सगळ्यांना एकदम पुरतील एवढे संगणक आणायचे कुठून? म्हणून कित्येक दिवस चालते, रोज दोन सत्रे : नऊ ते बारा आणि दोन ते पाच. प्रश्न वेगवेगळे, म्हणून निकाल पर्सेंटाइलने. सत्र मागून मिळत नाही. प्रवेशपत्र हाती आले की कळते.

धाकटी 2023 साली बारावीला आली, तेव्हा रात्रीचे पाणी मी स्वतः धरले. (गुडघे अजून बोलतात!) वांग्याचे रोप लावणीआधी पाणी तोडून आपण काटक करतो, तसेच तिचे केले. पहाटेचा अभ्यास चांगलाच. पण परीक्षेआधी महिनाभर सरावाचा पेपर बरोबर अकराला, घड्याळ लावून. पुढे सीईटीसाठी एक दिवस नऊला, एक दिवस दोनला. दुपारच्या दिवशी भाकरी साडेअकरालाच, तीही अर्धी. घरची रागावली, पण भरल्या पोटी पेंग येतेच.

तिला सत्र आले दुपारचे, मे महिन्यातले. वीज नसली की पत्र्याखाली घाम पुसत सराव केलेली पोर. केंद्राबाहेर मी पाण्याची बाटली घेऊन उभा. बाहेर आली ती हसतच.

"आप्पा, आत एवढं गार होतं, शालच पाहिजे होती!"