आधी सोय, मग बंद

मार्च 2022 अखेर दूरदर्शनने जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून चालणारे आपले ॲनालॉग प्रक्षेपण जवळजवळ पूर्णपणे थांबवले. मोक्याच्या ठिकाणचे सुमारे 50 प्रक्षेपक तेवढे चालू ठेवले. दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी आणि मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालेली, छपरावरच्या अँटेनातून फुकट घरात येणारी ही सेवा संपली आणि तिची फारशी चर्चाही झाली नाही. प्रसारण तंत्रज्ञानात काम करणारा माणूस म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ॲनालॉग जायलाच हवे होते, आणि ते टप्प्याटप्प्याने गेले हेही योग्यच. पण टप्पे किती, यापेक्षा ते कोणाची सोय पाहून आखले हे जास्त महत्त्वाचे. आपल्याकडे ते वसुलीच्या सोयीने आखले गेले. शेवटच्या प्रेक्षकाची गैरसोय कुणी हिशेबात धरली नाही.

ॲनालॉग का जायला हवे होते, ते आधी पाहू. आपल्याकडच्या पद्धतीत 625 रेषांचे चित्र सेकंदाला 25 वेळा पाठवले जाई आणि त्यासाठी एकेका वाहिनीला 7 किंवा 8 मेगाहर्ट्झ इतका लहरींचा पट्टा लागे. शेजारच्या प्रक्षेपकांनी एकमेकांच्या चित्रात घुसू नये म्हणून मधले कितीतरी पट्टे रिकामे ठेवावे लागत. डिजिटल पद्धतीत लागोपाठच्या चित्रांमधला न बदललेला भाग पुन्हा पाठवायची गरज नसते, त्यामुळे त्याच पट्ट्यात अनेक वाहिन्या मावतात. मुंबईसारख्या शहरात उंच इमारतींवर आपटून उशिरा पोहोचणाऱ्या लहरींमुळे चित्राशेजारी दुसरे पुसट चित्र उमटे, तो दोषही जातो. लहरींचा पट्टा ही मर्यादित सार्वजनिक संपत्ती आहे. तो असा उधळणे कुठल्याच देशाला परवडणारे नव्हते.

पण डिजिटलचा एक स्वभाव धोरण आखणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. ॲनालॉग लहरी क्षीण झाल्या की पडद्यावर मुंग्या येत, तरी बातम्या ऐकू येत आणि क्रिकेटचा धावफलक कसाबसा वाचता येई. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ दिसते, मग तुकडे पडून थिजते आणि एकदम जाते. म्हणजे प्रक्षेपणाच्या कडेला राहणाऱ्याला पूर्वी खराब का होईना, काहीतरी मिळत होते, आता काहीच न मिळण्याची शक्यता असते. दोन्ही प्रक्षेपणे कायम शेजारी चालवणे हा त्यावर उपाय नाही. ॲनालॉगला अडथळा होऊ नये म्हणून डिजिटल प्रक्षेपकाची शक्ती कमी ठेवावी लागते. ती वाढवायची तर ॲनालॉग बंदच करावे लागते. म्हणून बंद करण्याचा दिवस टाळता येत नाही. त्या दिवसाची तयारी मात्र करता येते.

ही तयारी ब्रिटनने कशी केली ते पाहण्यासारखे आहे. तिथे मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण 1998 मध्ये सुरू झाले आणि पहिले ॲनालॉग प्रक्षेपण 2007 मध्ये व्हाइटहेवन या छोट्या गावात थांबले. तिथेही आधी बीबीसी टू ही एकच वाहिनी बंद केली आणि बाकीच्या चार आठवड्यांनी. मग एकेक प्रदेश घेत 24 ऑक्टोबर 2012 रोजी उत्तर आयर्लंडमध्ये काम संपले. पंचाहत्तरीपुढचे वृद्ध, अपंग आणि अंध यांच्यासाठी वेगळी मदत योजना होती. तिच्यातून घरी येऊन डिजिटल प्रक्षेपण पकडणारा बॉक्स बसवून देत आणि तो वापरायलाही शिकवत. अमेरिकेने अशा बॉक्सच्या खरेदीसाठी दर घराला 40 डॉलरची दोन कूपने देऊ केली. कूपनांचा निधी अपुरा पडला, तेव्हा तिथल्या संसदेने 17 फेब्रुवारी 2009 ही ठरलेली तारीख 12 जूनपर्यंत पुढे ढकलली. जपानने 24 जुलै 2011 रोजी ॲनालॉग थांबवले, पण भूकंप आणि त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या तीन प्रांतांना मार्च 2012 अखेरपर्यंत सवलत दिली. या तिन्ही देशांत प्रेक्षकाची स्थिती पाहून तारीख ठरली किंवा बदलली.

आपल्याकडे सुरुवात केबलपासून झाली. ॲनालॉग केबलवर नेमके ग्राहक किती, हे फक्त केबलवाल्याला ठाऊक असे. तो वर कमी आकडा कळवी, त्यामुळे वाहिन्यांचा महसूल आणि सरकारचा कर दोन्ही बुडत. सेट टॉप बॉक्समुळे प्रत्येक जोडणीची नोंद होऊ लागली. 2011 च्या कायदादुरुस्तीनंतर मुंबईसह महानगरांसाठी 31 ऑक्टोबर 2012, पुणे-नागपूरसारख्या 38 शहरांसाठी 31 मार्च 2013 आणि शेवटी ग्रामीण भागासाठी मार्च 2017 अशी मुदत ठरली. जिथे वसुली मोठी तिथे आधी, असा हा क्रम होता. त्यातून ग्राहकाचाही फायदा झाला, हे मान्य करायला हवे. 2019 पासून वाहिन्या निवडून तेवढ्याचेच पैसे देण्याची सोय याच नोंदीमुळे शक्य झाली.

मनोऱ्यांवरच्या फुकट प्रक्षेपणाच्या वाट्याला मात्र अशी आखणी आली नाही. 2016 मध्ये दूरदर्शनने 16 शहरांत मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. त्यांत मुंबई आणि औरंगाबाद होते. पण ते पकडणारा ट्यूनर संचात बसवण्याची सक्ती उत्पादकांवर नव्हती. अमेरिकेत ती 2007 पासून सर्व नव्या संचांना लागू होती. संच नाही म्हणून प्रेक्षक नाही, आणि प्रेक्षक नाही म्हणून विस्तार नाही, असे ते अडकले. दुर्गम, आदिवासी आणि सीमावर्ती भागांत डीडी फ्री डिश या मासिक शुल्क नसलेल्या उपग्रह सेवेचे आठ लाखांहून अधिक बॉक्स वाटण्याची तरतूद असलेली योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी 2023 मध्ये मंजूर केली, म्हणजे ॲनालॉग थांबल्यावर नऊ महिन्यांनी. आधी बॉक्स आणि मग बंद, हा साधा क्रम इथे उलटा झाला.

यावर पहिला आक्षेप असा की, अँटेनावर टीव्ही पाहणारे उरलेच किती होते? थोडे होते, हे खरेच. पण केबल आणि डीटीएच दारात आल्यावरही जे अँटेनावर राहिले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना महिन्याचे बिल परवडत नसणार. शिवाय संख्या थोडी म्हणजे मदतीचा खर्चही थोडा. ब्रिटनने मदत योजनेसाठी 60.3 कोटी पाउंड राखून ठेवले होते आणि त्यातला मोठा भाग शिल्लक राहिला. दुसरा आक्षेप फ्री डिशचा. उपग्रह सगळीकडे पोहोचतो, मासिक शुल्क नाही, मग मनोरे हवेत कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे. सह्याद्रीच्या ज्या दऱ्यांत कमी शक्तीचा प्रक्षेपक कधी पोहोचला नाही, तिथे छत्री लावली की चित्र येते. पण छत्री आणि बॉक्स विकत घ्यावे लागतात, उपग्रहाच्या दिशेला मोकळे आभाळ लागते आणि कोकणातल्या मुसळधार पावसात उपग्रहाचे सिग्नल क्षीण होऊन चित्र जाते. मनोऱ्यावरच्या कमी वारंवारितेच्या लहरींना पावसाचा त्रास जवळजवळ होत नाही. तेव्हा फ्री डिश हा चांगला पर्याय आहे, पण तो आपोआप घरात येत नाही. तो पोहोचवण्याची जबाबदारी जुनी सेवा बंद करणाऱ्याची आहे.

हा हिशेब आता मांडायचे कारण म्हणजे पुढची स्थित्यंतरे दारात उभी आहेत. आकाशवाणीची तीसहून अधिक मध्यमलहरी केंद्रे डिजिटल झाली आहेत, पण ते प्रक्षेपण ऐकता येईल असे रेडिओ फार थोड्या घरांत आहेत. इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर टीव्ही पोहोचवण्याच्या चाचण्याही झाल्या आहेत. या स्थित्यंतरांसाठी कायद्यात तीन अटी हव्यात: नव्या संचांत ट्यूनरची सक्ती, जुनी आणि नवी सेवा काही काळ शेजारी चालवण्याचे बंधन, आणि गरजू घरी नवे साधन पोहोचल्याची खात्री होईपर्यंत जुनी सेवा न थांबवण्याची हमी. सार्वजनिक प्रसारण करदात्याच्या पैशावर चालते, आणि रोजच्या खरेदीतून कर भरणारा सगळ्यात गरीब प्रेक्षकही त्या पैशाचा तितकाच मालक आहे. त्याला विचारल्याशिवाय त्याचा पडदा काळा करण्याचा अधिकार कुणालाही असता कामा नये.