समासातली पेन्सिल

प्रिंट हातात आली की माझी नजर आधी खाली जाते, चित्राकडे नंतर. खालच्या पांढऱ्या समासात डावीकडे आकडा, उजवीकडे सही, दोन्ही पेन्सिलीने. 7/25 म्हणजे पंचवीस छापांतला सातवा. ए.पी. लिहिलं असेल तर तो चित्रकाराने स्वतःसाठी राखलेला. पेन्सिलच का? छापलेली सही आणि शाईची सही काचेआडून सारखीच दिसू शकते. पेन्सिल कागदाला किंचित दाबते आणि तिरक्या उजेडात चमकते.

एक नंबरची प्रिंट जास्त चांगली का, असं लोक हमखास विचारतात. पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापतात त्या एचिंगमध्ये बहुधा नाही. छाप वाळवून गठ्ठा रचला की जो कागद आधी हाताशी येईल त्यावर आधी आकडा पडतो. ड्रायपॉइंटची गोष्ट वेगळी. तिथे सुईने पत्रा ओरखडताना रेघेच्या कडेला धातूची बारीक कोर उचलली जाते. ती शाई धरते आणि रेघ मखमली उतरते. पण प्रेसच्या दाबाखाली कोर दबत जाते, आणि शेवटच्या छापांत नुसती रेघ उरते.

हे सगळं मी पुष्कळ उशिरा शिकलो. पहिली प्रिंट घेतली तेव्हा एवढंच कळत होतं की पेंटिंग परवडणार नाही आणि पोस्टर नको आहे. बडोद्यात शिकलेल्या एका बाईंचं एचिंग होतं : वाड्याचा जिना, वरच्या पायरीवर उलटी पडलेली चप्पल. 11/25. दोन पगारांतून दोन हप्ते दिले. बडोद्याचं नाव ऐकून भुललो असंही नाही. ज्योती भट्टांसारखी माणसं तिथे एचिंगमध्ये काय करून गेली, याचा मला तेव्हा पत्ताच नव्हता.

प्रिंट घेऊन फ्रेमवाल्याकडे गेलो. चार दिवसांनी फ्रेम तयार. घरी येऊन भिंतीवर लावली, मागे सरून पाहिलं, आणि पोटात गोळा आला. चित्राच्या कडेला लाकूड टेकलेलं. समास नाही, आकडा नाही, सही नाही.

धावत दुकानात गेलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तयार फ्रेममध्ये बसत नव्हतं. खालचा कोरा कागद तेवढा काढला. चित्र पूर्ण आहे की!"

त्याचं काय चुकलं? चित्र पूर्णच होतं. टेबलाखालच्या कचऱ्यात, माउंटच्या तुकड्यांत आणि भुश्शात, ती पट्टी सापडली.

ती पाकिटात घालून मी बाईंकडे गेलो. वर्कशॉपमध्ये शाई आणि रॉकेलचा वास. "आधी हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. मग पट्टी पाहून हसल्या. मला वाटलं, काम झालं. "ताई, एक नवी काढून द्याल का? पैसे देतो. नाहीतर चित्राच्याच कोपऱ्यात सही करून द्या."

त्यांनी फळीवरून जस्ताची प्लेट काढली. तोच जिना, उलटा. आणि वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत दोन खोल ओरखडे, फुलीसारखे. "पंचवीस काढून झाल्या त्या दिवशी मारले. आता सव्विसावी काढली तर जिन्यावर फुली येईल." सहीबद्दल विचारलं तर नुसती मान हलवली. "मी केली होती. ती तुझ्या पाकिटात आहे."

त्या फुलीवर बोट फिरवताना मला आजोळच्या देवघरातली लक्ष्मी आठवली. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला तो नेमका उलट हेतूने : देव घरोघरी जावेत, मोजदाद नसावी. तेही मला तितकंच पटतं. माझी चीड वेगळ्याच प्रकारावर आहे : इंकजेटवर हवी तेवढी चित्रं काढायची, त्यांना फ्रेंच नाव द्यायचं आणि खाली 3/500 लिहायचं. तिथे ओरखडायला प्लेटच नसते, नुसती फाइल. दहा पट मोठं करणारं भिंग लावलं की ठिपके दिसतात. एचिंगची शाई मात्र कागदावर उंचावलेली असते आणि पत्र्याच्या कडेचा खड्डा बोटाला लागतो. नुसत्या सहीवर तर कधीच जाऊ नये. साल्वादोर दालीने कोऱ्या कागदांवर ढिगाने सह्या करून ठेवल्या, तेव्हापासून जाणकार त्याच्या उत्तरकाळातल्या प्रिंटचा कागदही तपासतात.

आता माझ्याकडे चाळीसेक प्रिंट आहेत. भिंतीवर चारच. मुंबईच्या पावसात काचेआड तपकिरी ठिपके पडतात, आणि कसर तर कधी शिरते कळतही नाही. बाकीच्या आम्लविरहित कागदात, आडव्या, लोखंडी कपाटात. फ्रेम करायची तर वरच्या बाजूला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने चिकटवलेल्या; खळ पाण्याने सुटते, सेलोटेप सुटत नाही. नवा फ्रेमवाला मला वेडा समजतो, पण कात्री लावायच्या आधी फोन करतो.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कपाट उघडून एकेक कागद बाहेर काढतो. जिन्याची प्रिंट शेवटी. पाकिटातली पट्टी काढून खाली जुळवून पाहतो. फ्रेमवाल्याचा हात किंचित तिरका गेला होता, त्यामुळे ती एकाच तऱ्हेने बसते.