दहा चिंचोके

१७ मार्च २०२०, मंगळवार
उद्यापासून अंगणवाडी बंद. ३१ तारखेपर्यंत, असा मॅडमचा मेसेज. मुलांना सांगितलं, सुट्टी. सगळी ओरडली. छकुली रडली, तिला खेळातली कापडी बाहुली घरी न्यायची होती. दिली. रजिस्टरला नोंद केली नाही.
आज अनुताई वाघांचा जन्मदिवस. दरवर्षी मुलांना त्यांची गोष्ट सांगते. राहिली.

२२ मार्च, रविवार
पाच वाजता वाडीत थाळ्या वाजल्या. सासूबाईंनी पितळेची परात काढली. तिला पोचा आला.

२५ मार्च, पाडवा
गुढी उभारली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. ह्यांची सहा आसनी रिक्षा खळ्यात उभी. हप्ता ५ तारखेला.

४ एप्रिल
धान्य आलं. घरपोच द्यायचं. गहू, मसूर डाळ, चणे, तिखट, हळद, मीठ. एका मुलामागे दिवसाचे आठ रुपये, त्यात हे सगळं बसवलेलं. टेम्पोवाल्याने फाट्यावर गोणी उतरवल्या आणि निघून गेला. फाट्यावरून वरची वाडी म्हणजे नुसता चढ. काकी नि मी, डोक्यावर गोणी. काकी मदतनीस, वय त्रेसष्ट. चढणीवर बसली नि म्हणाली, "बाई, ते थाळीवाले कुठं गेले?"

७ एप्रिल
घरात शिरायच्या आधी मागच्या दारी आंघोळ. सासूबाई चुलीवर पाणी तापवून ठेवतात आणि लांब जाऊन उभ्या राहतात. जुन्या साडीचे मास्क शिवले. बत्तीस झाले.

१९ एप्रिल
पारावरून एकजण : "बालवाडी बंद, मग बाई पगार कसला घेता?"
पगार नाही, मानधन. हे त्याला सांगून काय उपयोग. पण रात्रभर तेच डोक्यात.

२१ एप्रिल
मुलांसाठी गाणी-गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या. यादी केली. मुलं तेवीस. स्मार्टफोन असलेली घरं नऊ. त्यातले पाच फोन बापांबरोबर मुंबईत अडकलेत. रेंज फक्त सड्यावर. चार मुलांसाठी सडा चढले. गाणं अर्धं गेलं.

२७ एप्रिल
चिंच फोडायला काढली होती. चिंचोके धुऊन वाळवले. कागदाच्या तेवीस पुड्या, प्रत्येकीत दहा. गृहभेटीला जाताना पिशवीत. मुलाला दाराशी बोलवायचं, आपण खळ्याबाहेर उभं राहायचं. रोज मोजायचे. दोन ढीग करायचे, कुठला मोठा सांगायचं. काळे एकीकडे, तांबूस एकीकडे.
सुताराच्या आजीने पुडी उघडून पाहिली. "बाय, हे भाजून खायचे की सरकारनं असेच खायला सांगितलेत?"

११ मे
चाकरमानी यायला लागले. कोणी ई-पास काढून, कोणी चालत. ग्राम कृती दलाने शाळा ताब्यात घेतली, चौदा दिवस तिथेच ठेवणार. आमची खोली शाळेला लागून, तीही घेतली. चावी दिली. भिंतीवर फळांचा तक्ता आहे, पोरं ठिपक्यांची माळ करायची ती आहे. कोणी काढू नका म्हणून चिठ्ठी चिकटवली.

२५ मे
शाळेतले पहिले सोळा जण सुटले. खोली झाडून, शेणाने सारवून दिली. त्यातले तिघे फाट्यावर आले आणि न सांगता गोणी उचलल्या. एकाच्या हातावरचा शिक्का अजून पुसलेला नाही. वरच्या वाडीपर्यंत एका दमात. काकी मागून रिकाम्या हाताने चालत होती. तिला हात कुठे ठेवावेत कळेना.

३ जून
वादळ. दुपारभर. घराची कौलं पानांसारखी. आम्ही चौघं पडवीत, डोक्यावर सतरंजी.

५ जून
अंगणवाडीचे पत्रे गेले. एक सुपारीच्या बागेत सापडला. बाग कुठली, आडवे झालेले पोफळीचे खांब. फळांचा तक्ता भिजून लगदा. ठिपक्यांची माळ मात्र खिळ्याला आहे.
रजिस्टरं मी मार्चमध्येच घरी आणली होती. अकराच्या अकरा कोरडी.

१२ जून
वीज नाही. नुकसानीची माहिती तातडीने व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली आहे. ह्यांनी सहा आसनीच्या बॅटरीला वायर जोडून फोन चार्ज करून दिला. आता निम्मी वाडी फोन घेऊन दारात. गाडी एकदाची कामाला आली, असं हे म्हणाले. हसले नाहीत.

१९ जून
वजनं बंद आहेत, दंडघेराची पट्टी मात्र पिशवीत असते. बंड्याच्या आईला पट्टी दिली, कशी बांधायची ते खळ्यातून सांगितलं. डावा दंड, खांदा नि कोपराच्या मधोमध, आवळायची नाही. तिने वाचलं, अकरा तीन.
पुन्हा बांधायला लावली. अकरा तीन. साडेअकराच्या खाली लाल.
फेब्रुवारीत मी स्वतः मोजला होता, अकरा नऊ. दीड वर्षाचं पोर. बाप लोअर परळला कॅन्टीनमध्ये होता, आता घरी. ते लाल टोक सगळ्यांना दिसलं. कोणी काही बोललं नाही. आजी आत गेली.

२० जून
आरोग्य सेविकेला बंड्याचं कळवलं. त्याच्या घरी रोज जायचं ठरवलं. चण्याचं पीठ, गूळ, वर तेल. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. आईला म्हटलं, मास्तरीण म्हणून नाही, मी बघायला येते.

१४ जुलै
पाऊस. पत्रे नाहीत. प्रशिक्षणातली वही हाती लागली. माझंच अक्षर, किती गोल होतं! "बोर्डी १९४५. कोसबाड १९५७. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक नि अनुताई पाड्यावर गेल्या, त्यांच्या अंगणात बसल्या." खाली दोन रेघा मारल्यात. परीक्षेला येईल म्हणून मारल्या असणार.

१६ जुलै
सुताराच्या पडवीत पाच मुलं, लांब लांब. पागोळ्यांखाली हात धरायचा, बोटं मोजायची. वीस मिनिटं. नियमात बसतं का, विचारलं नाही.

२२ ऑगस्ट
गणपती. आरतीला घरातलेच.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. शाळेच्या गुरुजींना ग्रामपंचायतीने गुलाबाचं रोप दिलं. द्यायलाच हवं, ते माणूस चांगलं आहे.
छकुलीने कुंपणावरून चिंचोके परत दिले. मोजले, अकरा. एक जास्त कुठून आला? "तो माझा." तुझाच ना, मग ठेव. "नाय. बाईंना."

१५ सप्टेंबर
'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू. दिवसाला पन्नास घरं. कपाळाला बंदूक, बोटाला चिमटा. म्हातारे आधी बोट लपवतात. ऑक्सिजन कमी निघाला की उचलून नेतात, असं कोणीतरी पसरवलंय.
बंड्या : अकरा आठ. पिवळा.

४ ऑक्टोबर
पाय सुजले.

११ फेब्रुवारी २०२१
लस घेतली. यादीत आम्ही आरोग्य कर्मचारी. मानधनाच्या कागदावर मानसेवी. शिक्षिका लिहिलेला कागद घरात शोधला. सापडला नाही. छकुलीच्या चित्रावर आहे, 'बाइ'. ह्रस्व.

२३ एप्रिल
पुन्हा सगळं बंद. या वेळी आजार वाडीत आहे. खालच्या वाडीत चार घरं. पडवीतला वर्ग बंद केला.

९ मे
शेजारच्या बीटमधली सेविका गेली. माझ्याबरोबर प्रशिक्षणाला होती, तिचा डबा नेहमी तिरफळाच्या वासाचा. सर्वेक्षणाला जात होती. तीन दिवस ताप अंगावर काढला.

२४ मे
तिचा मुलगा विम्यासाठी कागद गोळा करतोय. पन्नास लाख. ड्यूटीचा लेखी आदेश मागतात. आदेश मेसेजवर यायचे आणि तिचा फोन बिघडलेला. ती अमुक दिवशी अमुक घरी गेली, हे सांगणार कोण? ज्यांच्याकडे गेली त्यातली दोन माणसंही आता नाहीत.
आजपासून या वहीत वेळ लिहायची.

२५ मे, ८.१५ ते १.३०
एकतीस घरं. सुताराच्या आजीने सही केली. अंगठा नको म्हणाली, सही येते मला. पाच मिनिटं लागली.

२६ मे, ८.०० ते १२.५०
सव्वीस घरं. सह्या सव्वीस.

३ जुलै, ४.०० ते ४.४०
पडवी पुन्हा सुरू. सात मुलं.

१५ ऑगस्ट, ७.३०
झेंडावंदन. 'कोविड योद्धा' प्रमाणपत्र मिळालं. माझं आडनाव चुकलंय. काकीला नाही. मदतनिसांची यादी मागवलीच नव्हती म्हणे.
काकी म्हणाली, कागद चांगला जाड आहे.

१६ ऑगस्ट, ९.०० ते ११.००
प्रमाणपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आंबा काढला. रंगवला. कात्रीने सहा तुकडे. काकीने कडा घासून दिल्या. मुलं आंबा जुळवतात, उलटा केला की माझं चुकलेलं आडनाव जुळतं.

२० ऑगस्ट, ११.००
संघटनेचा निरोप आला, सरकारी मोबाईल परत करायचे. राज्यभर. फोन तापतो, लटकतो, नवं अ‍ॅप इंग्रजीत. "वेस्टिंग" दाबायचं की "स्टंटिंग", हे नातवाला विचारणाऱ्या सेविका माहीत आहेत मला. त्यांना पोराचा दंड बघून कळतं, फोनला कळवता येत नाही. मीही दिला. पोच घेतली. पोच वहीत चिकटवली आहे.

८ डिसेंबर, ३.३०
गेलेल्या सेविकेच्या मुलाचा फोन. विम्याची फाईल अजून फिरते आहे. माझी वही साक्षीला चालेल का, विचारत होता. तिच्या दिवसांबद्दल माझ्या वहीत काय असणार? तरी फोटो काढून पाठवले.

४ एप्रिल २०२२, सोमवार, ९.०० ते १.००
पाडव्यापासून मास्कची सक्ती गेली. मी तोंड उघडं ठेवून दारात उभी. नव्या पत्र्यांखाली एकोणीस मुलं. पाच वर्षांची दोघं आज पहिल्यांदा आत आली, दोन वर्षं नुसती दारातून पाहिलेली. कुठे बसायचं विचारतात. बस म्हटलं तरी बसत नाहीत.
एकाने माझ्याकडे पाहून काकीला विचारलं, "बाई कुठं आहेत?"

२६ एप्रिल, ८.४०
काल सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, अंगणवाडी सेविका-मदतनिसांनाही १९७२चा ग्रॅच्युइटी कायदा लागू. काकीला वाचून दाखवलं. ती महिनाअखेर निवृत्त.
"म्हणजे आपण नोकरीत होतो?"
हो.
"मग आधी का नाय सांगितलं?" आणि खिचडी ढवळायला गेली.

२७ एप्रिल, ९.००
बंड्या आला. सव्वातीन वर्षांचा. दंड चौदा एक, हिरवा, पट्टी सोडूच देईना, अजून बांधा म्हणाला. चिंचोक्यांचा डबा पुढे ठेवला. दहा मोज म्हटलं. आठपर्यंत नीट आला.
९.२०. नऊ आणि दहा सापडेनात. मुठीत नाही, खिशात नाही. नववा आसनाखाली.
९.२५. दहावा नाकात.
काकीने दुसरी नाकपुडी दाबली. शिंकर म्हटलं. रडत शिंकरला.
९.२७. दहा.