चावी माझ्या हातात होती

ट्रकवाल्यांबद्दल माझं मत ठरलेलं होतं: पितात, झोपेत चालवतात, माणूस चिरडतात आणि पळून जातात. डोंबिवलीहून महापेला स्कूटरनं जाणाऱ्याला असं मत बनवायला फारसे कष्ट पडत नाहीत. शीळफाट्यावर कल्याणचा, महापेचा, पनवेलचा रस्ता आणि मुंब्रा बायपास एकमेकांत घुसतात. न्हावा-शेवाहून भिवंडीला निघालेले ट्रेलर त्याच गर्दीत वळतात. ठाण्यात जड वाहनांना ठरावीक वेळेतच सोडतात, म्हणून ते आधीच कडेला रांग लावून थांबतात. हे मला ठाऊक होतं, तरी शिवी जायची ती ड्रायव्हरलाच. वेळापत्रक काढणारा काही समोर दिसत नाही.

जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ड्रायव्हरांनी संप केला आणि पेट्रोलपंपांवर झुंबड उडाली. संप होता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध. बेदरकारपणे गाडी चालवून माणूस मारला आणि पोलिसांना न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. रांगेत मी मोठ्यानं म्हणालो, "दहा कशाला, वीस करा." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं.

पुढे भाच्यानं हेवी लायसन्स काढायचं ठरवलं. बी.कॉम. झालेला, भिवंडीच्या एका गोदामात मालाच्या नोंदी करणारा पोरगा. माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "आपल्या घरात ड्रायव्हर?" वर ताईलाच सुनावलं, पोराला आवर म्हणून. माझा सगळा पुरोगामीपणा त्या तीन शब्दांत संपला.

तो बधला नाही. ट्रक चालवायला फक्त धाडस लागतं, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात वय वीस पूर्ण हवं, हलक्या वाहनाचं लायसन्स किमान वर्षभर जुनं हवं, डॉक्टरचा दाखला हवा आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ हवा. आठवी पासची अट मात्र २०१९ मध्ये काढून टाकली आहे. संध्याकाळी तो शिकलेलं सांगत बसायचा. एअर ब्रेकचं प्रेशर भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. उतारावर न्यूट्रल करायचं नाही, गिअरवरच गाडी धरायची. डावीकडून दाराला चिकटून आलेला स्कूटरवाला केबिनमधून दिसतोच असं नाही. मी रोज नेमका तिथूनच घुसतो, हे मी त्याला सांगितलं नाही.

एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "मामा, समजा माझ्या गाडीखाली कुणी आलं आणि लोक धावून आले, तर मी काय करायचं? उतरायचं का?"

मी क्षणभरही विचार केला नाही. "उतरू नकोस. काचा वर कर, दार लॉक कर आणि थेट पोलीस चौकी गाठ."

बोलून गेलो आणि मग ऐकलं, आपण काय बोललो ते. ज्या पळण्याला मी वीस वर्षं मागितली होती, तेच मी घरच्या मुलाला शिकवत होतो. शिवाय माझा सल्ला अंदाजानं दिलेला नव्हता. लोक धावून येतात तेव्हा काय होतं, ते मला आतून माहीत होतं, कारण त्या लोकांत मी एकदा होतो.

मुंब्रा बायपासवर एक मोटरसायकल ट्रेलरच्या बाजूला घासून पडली होती. मुलगा लंगडत का होईना, उठून उभा राहिला होता. तरी आम्ही ट्रेलर अडवला. मी पायरीवर चढलो, खिडकीतून हात घातला आणि चावी काढून घेतली. पुढे इतरांनी त्या माणसाला खाली ओढलं. तो हात जोडत होता. चूक कुणाची, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. मी मारलं नाही, असं मी घरी सांगितलं आणि ते खरंही आहे. पण चावी माझ्या हातात होती; त्याला जाता येणार नाही याची सोय मी केली होती. इतकी वर्षं मी ही हकीकत शौर्य म्हणून सांगत आलो.

भाच्यानं मोबाइलवर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ काढून दाखवलं. अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणं ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. मात्र जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तर सूट आहे. कायदा १९८८ चा. म्हणजे माझ्यासारख्यांचा उल्लेख त्यात तेव्हापासून आहे आणि तो अडथळा म्हणून आहे.

पिऊन चालवणारे, चिरडून खरोखरच पसार होणारे आहेत. त्यांची वकिली मला करायची नाही. संपानंतर कलम १०६ चं ते पोटकलम सरकारनं थांबवून ठेवलं आणि १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता त्याच्याविना लागू झाली. ते पुढे लागू करायचं असेल, तर आधी चौकीपर्यंतचा रस्ता ड्रायव्हरसाठी मोकळा असायला हवा, असं माझं आजचं मत आहे.

भाचा आता एका ट्रेलरवर सेकंड ड्रायव्हर आहे. तुमच्यासमोर कधी असा प्रसंग आला, तर आधी जखमीकडे बघा, ११२ ला फोन करा, गाडीचा नंबर लिहून घ्या. आणि ड्रायव्हरला चौकीपर्यंत जाऊ द्या.